सोजरचा दुसरा रिपोर्ट

"गर्भाची पिशवी काढून टाका," डॉक्टर म्हणाले. "सोमवारी या, गुरुवारी घरी."

सोजरनं शेजारी बसलेल्या सासूकडं पाहिलं. छबुबाई वर पंख्याकडं बघत होत्या, जणू मेथीच्या जुडीचा भाव चालला होता.

सोजरचं वय तेवीस. पदरात एक मुलगी आणि दुसऱ्या लेकराची आस. डॉक्टरांच्या हातात तिचा आषाढातल्या तपासणीचा कागद होता. यंदा बिंदुसरा नदीच्या धरणाचा तळ उघडा पडला होता, गावची जनावरं चारा छावणीला गेली होती आणि छबुबाईंच्या महिला दूध संस्थेची शेड ओस होती. तिथंच बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी झाली. सोजरच्या पेशींत बदल दिसतोय असा रिपोर्ट आला आणि घराची झोप उडाली.

सरकारी दवाखान्यातल्या सरस्वतीबाई नर्सनं तेव्हा तिला समजावलं होतं. "अगं, आत जंतू झालेत, सूज हाय. टँकरचं गढूळ पाणी घागरीत घेतलं तर तळ दिसतो का? तुरटी फिरवायची, निवळू द्यायचं, मग बघायचं. गोळ्या घे, भारतलाबी दे. तीन महिन्यांनी परत तपासू. तवाबी काही दिसलं तर पुढचं बघू, पण आधी निवळू दे."

भारतनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, कुरकुरत का होईना गोळ्या गिळल्या. दुसरी तपासणीही झाली. रिपोर्ट आज-उद्याच यायचा होता.

पण ऊसतोडीची टोळी नेणारा रामहरी मुकादम कुठला थांबतोय! दसरा झाला की गाड्या कारखान्याला निघणार. उसाच्या फडात पाळी आलेली बाई त्याला नको, कंबर धरून बसणारी तर नकोच नको. "क्यान्सरची सुरुवात हाय म्हणत्यात माझ्या वळखीचे खाजगी डॉक्टर. काढून टाक, घोर मिटंल," तो भारतला म्हणाला. भारत घाबरला. घाबरलेल्या माणसाला शेवटी जो बोलेल त्याचं पटतं.

सासू आडवी येईल असं सोजरला वाटलं होतं. अख्ख्या संस्थेला धाकात ठेवणारी बाई ती! पण सकाळी छबुबाई एवढंच म्हणाल्या, "चल. मीबी येते."

आणि आता त्या डॉक्टरांना म्हणत होत्या, "सायेब, आलेच हाय तर माझंबी बघा की."

डॉक्टरांनी नवा कागद ओढला. बायकांच्या तोंडाकडं बघायची त्यांना सवय नव्हती. एवढ्या बायका यायच्या, कुणाकुणाचं तोंड बघणार?

"पांढरं जातं?"

"लई जायचं."

"कंबर दुखते?"

"उठू देत नव्हती."

"पाळी?"

"बंद झाली."

"हं, तेच ते," म्हणत त्यांनी लिहायला सुरुवातही केली.

छबुबाई पलंगावर आडव्या झाल्या. लाजेचा आव आणून त्यांनी नेसूची गाठ मुठीत धरून ठेवली, जरासुद्धा खाली सरकू दिली नाही. डॉक्टरांनीही आग्रह केला नाही. बेंबीच्या वर दोनदा सोनोग्राफीचं मशीन फिरवलं, पडद्याकडं एकदा पाहिलं. बाहेर रांग होती.

"तुमचीही पिशवी खराब आहे, मावशी. सुजलीय, गाठ आहे. सासूसुनेचं एकदमच उरकून टाकू."

"उरका," छबुबाई म्हणाल्या.

सोजरचे डोळे भरून आले. तिला राग आला तो डॉक्टरांचा नाही, सासूचा आला. जिच्या जिवावर आपण इथवर आलो, तीच आपल्याला विकून मोकळी झाली!

"आत्याबाई, सिस्टर म्हणल्या व्हत्या का..."

"तू गप गं." छबुबाई डॉक्टरांकडं वळल्या. "सायेब, तेवढं लिहून द्या. मशीनमधी पिशवी दिसली, गाठ दिसली, काढायची हाय, असं. शिक्का मारून. मी संस्थेची चेअरमन हाय, लोकं इचारत्यात."

डॉक्टरांनी लिहिलं, सही केली, शिक्का मारला. छबुबाईंनी तो कागद सुनेकडून वाचून घेतला. सोजर दहावी शिकलेली. ती डोळे पुसत वाचत गेली.

"तारीख हाय का आजची?"

"हाय."

मग छबुबाईंनी उठून दार उघडलं.

बाहेरच्या बाकांवर दूध संस्थेच्या बायका बसल्या होत्या. एक-दोन नाही, तीस-पस्तीस. मधोमध तालुक्याच्या सरकारी दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई होत्या आणि त्यांच्या शेजारी सरस्वतीबाई.

सरस्वतीबाई लगबगीनं उठल्या. "सोजर, आला गं तुझा दुसरा रिपोर्ट! सूज गेली. पेशी एकदम निरोगी. कापायचं काहीच न्हाई!"

सोजरला आधी कळेचना. मग कळलं, आणि ती हसत हसत रडायला लागली. बायकांनी तिला पोटाशी धरलं. कुणीतरी टाळी वाजवली; दवाखान्यात असं कधी झालं नव्हतं, पण सगळ्या बाकांवर टाळ्या वाजल्या. खोलीतून डॉक्टर बाहेर आले. गर्दी बघून उंबऱ्यातच थबकले.

छबुबाईंनी आपला कागद डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. "गर्भाशयात गाठ? छबुबाई, मग तुमची नीट तपासणी करावी लागेल. काळजी करू नका, पण आजच करू."

"करा की." छबुबाईंनी चोळीतून एक जुनं, पिवळं पडलेलं कार्ड काढलं आणि त्या कागदावर ठेवलं. "पण आधी ह्या सायबास्नी इचारा. नऊ वर्षांखाली ह्याच दवाखान्यात, ह्यांच्याच हातानं माझी पिशवी काढली. ती आज मशीनमधी कुठून दिसली?"