बाहेरची कडी

कार्मेना पायऱ्यांपाशीच थांबली. पायऱ्यांखाली ऊसतोडणीचे बूट होते, वाळलेल्या चिखलाचे. तिने मुलीचं मनगट धरलं.

"हे कुणी ठेवले?"

"मीच ठेवायला सांगितले, मा," जोझेट म्हणाली.

"काढ. बूट इथे असले म्हणजे तो घरात आहे."

जोझेटने बूट उचलून सेटच्या बाहेर नेऊन ठेवले. तिचा बाप मरून बरीच वर्षं झाली होती. तरीही परत येताना तिने एकदा मागे वळून पाहिलं.

घर स्टुडिओच्या शेडमध्ये उभं होतं. लाकडी, खांबांवर उचललेलं, वर छप्पर नाही, छपराच्या जागी दिवे. पटकथेत फक्त 'उसाच्या मळ्यातलं घर' एवढंच लिहिलं होतं. कुठलं घर, हे ठरवणं कलादिग्दर्शक म्हणून जोझेटचं काम होतं. तिने ऑस्ट्रेलियातल्या मकायजवळचं स्वतःचं लहानपणीचं घर रेखाटलं. ते घर चक्रीवादळात गेलं होतं. फोटो एकही नव्हता. ती त्या घरात पाच वर्षांची होईपर्यंत राहिली होती, आणि होतं ते सगळं तिच्या डोक्यात होतं. उद्यापासून शूटिंग होतं. आई स्वयंपाकघर तपासायला येणार आहे, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं.

खरं कारण एक दार होतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातलं, कोठीच्या खोलीचं. बापाची गाडी अंगणात वळली की आई तिला त्या कोठीत ढकलायची. अंधार, पिठाचा वास, कडी सरकल्याचा आवाज. मग बाहेर बापाचा आवाज. 'मला का कोंडायचीस?' हे जोझेटने आईला कधी विचारलं नव्हतं. पण ती अजून कुठल्याही खोलीचं दार पूर्ण लावत नसे. आणि आपल्या चार वर्षांच्या रोमीला तिने एक रात्रही आजीकडे ठेवलं नव्हतं. कार्मेनाने दोनदा रोमीला ठेवायला मागितलं होतं. मग मागणं सोडून दिलं होतं.

आज ती विचारणार होती.

कार्मेना आत आली. चुलीसमोरची एक फळी तिने न बघताच ओलांडली. त्या घरात ती फळी करकरायची. इथली करकरत नव्हती.

सुतारांचा मुकादम डार्बी शिडीवर बसून डबा खात होता. बाकीचे जेवायला गेले होते. म्हातारीचा चेहरा बघून तो खाली उतरला.

"घाबरू नका, मिसेस ग्रेच. हे घर मी बांधलंय, म्हणजे ते पडणार हे नक्की. पण उद्या पडेल, आज नाही." त्याने खिडकीच्या भिंतीला हात लावून हलकेच ढकललं. अख्खी भिंत चाकांवर सरकली आणि मागची मोकळी शेड दिसली. "बघा. कॅमेऱ्याला जागा लागली की भिंत बाजूला."

कार्मेनाने त्या उघड्या जागेकडे पाहिलं. "तेव्हा कुठे होतास रे तू?"

डार्बी हसला, पण त्याला काही कळलं नाही. त्याने भिंत परत लावली. "बरं, आता एक निवाडा करा. हे कोठीचं दार. बॉसबाईंनी त्याचा रंग मधोमध घासून काढायला लावला. खांद्याच्या उंचीला. जन्मभर दारं बसवतोय मी. दार झिजतं ते मुठीपाशी. मधे कोण झिजवतं?"

"तसंच होतं," जोझेट म्हणाली. ते तिला पक्कं आठवत होतं, तसं का होतं ते आठवत नव्हतं. ती आईकडे वळली. "मा, मला तुला एक..."

"चुकलंय," कार्मेना म्हणाली.

"रंग?"

"कडी." दाराच्या बाहेरच्या बाजूला, डोक्याच्या उंचीवर, लोखंडी कडी होती. कार्मेनाने बोटाने ती नुसती दाखवली, हात लावला नाही. "बाहेर नव्हती. आत होती."

"आत?"

"आणि एवढी वर नाही." कार्मेनाने दार उघडलं, वाकली आणि आतल्या बाजूला गुडघ्याच्या जरा वर हात ठेवला. "इथे. तुझा हात पोचायला नको? तो तोडणीला गेला होता तेव्हा मीच बसवली. तुला किती दिवस शिकवत होते. माझा आवाज ऐकल्याशिवाय उघडायची नाही. शहाणी होतीस, कधी उघडली नाहीस."

जोझेट तिथेच उभी राहिली. कडी सरकल्याचा आवाज तिला पुन्हा ऐकू आला. या वेळी तो तिच्याच बोटांखाली होता.

डार्बीने डबा उचलला आणि पायऱ्या उतरून गेला.

"मग तूपण आत का नाही आलीस?" जोझेटने विचारलं.

"एवढीशी कडी ती. एका हिसक्यात निघाली असती."

"मग?"

"मग काय. दार बाहेर उघडायचं ना." कार्मेनाने दार लावलं आणि वळून त्याला पाठ टेकली. पाय रोवले, दोन्ही हात मागे चौकटीला धरले, आणि रिकाम्या पायऱ्यांकडे बघत उभी राहिली.

रंग उडालेली जागा तिच्या पाठीमागे झाकली गेली. वर दोन बोटं जागा तेवढी उघडी राहिली. म्हातारपणात ती तेवढी खुजी झाली होती.