प्राची काय म्हणते

"घरच्या माणसाला परीक्षेत लेखनिक म्हणून बसवता येत नाही, बाई," बोर्डाच्या ठाण्यातल्या कचेरीतले साहेब म्हणाले. "किती वेळा सांगू?"

कांताने व्हीलचेअर टेबलाच्या आणखी जवळ ओढली. "पण साहेब, हिचं बोलणं माझ्याशिवाय कोणालाच कळत नाही. मी स्वतः आठवी नापास. मी हिला कसली उत्तरं सांगणार?"

खुर्चीत तिची मुलगी प्राची एका बाजूला कलून बसली होती. वय एकोणीस. हात, मान, जीभ, काहीच जन्मापासून तिच्या ताब्यात नव्हतं. तिने तोंड उघडलं. घशातून ओढल्यासारखे आवाज निघायला लागले.

"ती म्हणते, मला दहावी व्हायचंय. साहेबांचे उपकार होतील," कांता मध्येच म्हणाली.

प्राचीचा आवाज आणखी थोडा वेळ चालू राहिला. मग थांबला. साहेबांनी खिडकीकडे पाहिलं.

"जादा वेळ मंजूर आहे. तळमजल्यावरची खोली मंजूर आहे. लेखनिक मात्र बाहेरचा, नववीतला पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षी बघा."

मागच्या वर्षीही हेच झालेलं.

ठाण्याहून परतताना दोन रिक्षावाल्यांनी खुर्ची बघून मान हलवली. ठाकुर्लीच्या घरी पोचेपर्यंत प्राची घामाने भिजली होती. कांताने तिला पुसलं, कपडे बदलले, आमटीभात कालवून भरवायला घेतलं.

"सोड ना आता," तिचा नवरा सहदेव म्हणाला. "कशाला हाल करतेस पोरीचे?"

"मी करते? तीच म्हणते, शिकायचंय."

मुलीच्या बाबतीत बायकोच्या शब्दापुढे तो कधी गेला नव्हता. रोज दुपारी कांता पुस्तक घेऊन बसायची, अक्षर अक्षर जुळवत धडा वाचून दाखवायची. प्राची आवाज करायची आणि कांता शेजारणींना सांगायची, "बघा, बरोबर उत्तर दिलं." शेजारणींच्या डोळ्यांत पाणी यायचं. अशी आई बघितली नाही, म्हणायच्या.

लेखनिक मिळेना. एक मुलगी आली, प्राचीच्या तोंडातून लाळ गळताना बघून रडायला लागली. दुसरीच्या आईने फोनवरच नाही सांगितलं. परीक्षा जवळ येत चालली. कांताचं जेवण सुटलं.

शेवटी कल्याणच्या परीक्षा केंद्रावरून मुख्याध्यापक गुरुदत्त सरांनी बोलावून घेतलं. त्यांच्या शेजारी शाळेच्या गणवेशातली एक शांत मुलगी उभी होती.

"ही समृद्धी. नववीत आहे. हिच्या आजोबांना अर्धांगवायू झालेला. त्यांचं बोलणं घरात हिलाच समजायचं."

"नाही जमणार, सर," कांता घाईघाईने म्हणाली. "आजोबांचं वेगळं. मी बाजूला बसते, हिला समजावून देते."

"आत्ता एक प्रश्न विचारून बघू. तुम्हाला बाहेरच थांबावं लागेल. हिला नाही कळलं, तर तुमच्यासाठी मी स्वतः ठाण्याला जाऊन भांडेन. शब्द देतो."

प्राची काहीतरी बोलू लागली.

"ती म्हणते, आई, तू जाऊ नकोस," कांता म्हणाली. तिने प्राचीची हनुवटी पुसली, केस सारखे केले. मग उठली.

वऱ्हांड्यातल्या बाकावर ती पदर मुठीत आवळून बसली. शिपाईबाईंनी पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

"होईल हो सगळं नीट," शिपाईबाई म्हणाल्या.

"नाही कळणार कोणाला," कांता पुटपुटली. "एवढी वर्षं काढली मी. आता सगळं हातचं जाणार." आणि ती रडायला लागली.

आत सरांनी विज्ञानाचा एक सोपा प्रश्न वाचला. प्राचीने सुरुवात केली. समृद्धीने मान खाली घालून कान तिच्या तोंडाशी नेला. मध्ये बोलली नाही.

"परत सांग ना, ताई. हळू सांग. मला घाई नाहीये."

प्राचीने पुन्हा सांगितलं. तिचं अंग ताठ झालं, मान झटके देत राहिली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पण ती थांबली नाही, आणि समृद्धीही हलली नाही. एक शब्द, मग दुसरा. चुकला की समृद्धी विचारायची, प्राची परत म्हणायची. बऱ्याच वेळाने प्राची गप्प झाली आणि खुर्चीत सैल पडली.

समृद्धीने काहीच लिहिलं नव्हतं.

"नाही कळलं?" सरांनी विचारलं. "असू दे बाळा. मी तिच्या आईला आत बोलावतो."

"कळलं, सर," समृद्धी म्हणाली. तिने बंद दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पण ते उत्तर नाहीये. ताई म्हणते, 'माझं बोलणं आईला कळत नाही. लहानपणापासून एकदाही कळलं नाही, ती मनाचंच सांगते. पण मला हे माहीत आहे, ते तिला कळू देऊ नका.'"