मूळ चित्र

"चित्रातले रंग बदललेत की नाही? हो किंवा नाही, एवढंच सांगा," समोरचे वकील म्हणाले.

साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा मी घट्ट धरला. "हो, पण त्याचं कारण..."

"कारण विचारलेलं नाही."

उपग्रहाचं ते चित्र वीस वर्षांपूर्वीचं. दावा लावलेल्या हिरूबाईचं नाचणीचं शेत डोंगराच्या सावलीत, त्यामुळे तेवढा भाग काळाकुट्ट आलेला. हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, काढला तर चित्राचे सगळे ठिपके अंधाराच्या टोकाला एकमेकांवर रेटलेले. मी लाल, हिरव्या, निळ्या अशा तिन्ही रंगांत ते फक्त ऐसपैस पसरून बसवले, नवा एकही घातला नाही. तेव्हा कुठे बांध दिसले. वीस वर्षांपूर्वी बांध होते हे सिद्ध झालं तरच जमीन हिरूबाईची, नाहीतर जंगलखात्याची.

न्यायाधीशांनी न बदललेलं चित्र मागितलं. मी ते पडद्यावर लावलं.

"यात शेत दिसतं?" न्यायाधीशांनी विचारलं.

खरं सांगायची शपथ घेतली होती. "नुसत्या डोळ्यांना नाही दिसत."

"लिहून घ्या," ते टंकलेखकाला म्हणाले, "मूळ चित्रात शेत नाही."

"साहेब, मी 'दिसत नाही' म्हणाले..."

"विचारल्याशिवाय बोलू नका. या आता."

बाहेर व्हरांड्यात हिरूबाई उकिडवी बसून होती. मला बघून लगबगीनं उठली.

"बाई, आत सगळं खरंच बोललीस ना?"

"हो. सगळं खरंच बोलले."

तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. "मग झालं तर. उद्यापासून नाचणीच्या रोपांसाठी शेतात राब भाजायला घेते."