पिल्लाला वाढ

डॉक्टरांनी मांजराच्या पिल्लाचं पोट दोन बोटांनी दाबून पाहिलं आणि वर न बघताच विचारलं, "इसे खिलाता कौन है?" पोट ढोलकीसारखं तट्ट फुगलं होतं. पिल्लात ओरडायचंही त्राण नव्हतं. शेफालीनं मान खाली घातली. शेजारी तिच्या सासूबाई, मंदाकिनीबाई, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून उभ्या होत्या. त्यांचा पारा चढला. पण परक्यापुढे घरची भांडी वाजवायची नाहीत, म्हणून त्या गप्प राहिल्या.

पिल्लू आणलं होतं शेफालीनंच. एम. पी. नगरातल्या तिच्या ऑफिसमागच्या नालीत ते सापडलं, मुठीएवढं. मंदाकिनीबाईंनी आधी नाक मुरडलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच त्याला मांडीवर घेतलं. माणसाचं असंच असतं. त्याचं खाणं डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं. कोमट पाण्यात भिजवून, एका वेळी दोन चमचे, दिवसातून चारदा. अंगानं भरेल तसं जरा जरा जास्त. हे सगळं बाई जातीनं बघायच्या. मग त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, वाकायला बंदी आली, आणि ते काम शेफालीकडे गेलं. बाई खोलीतून नुसती आठवण करून द्यायच्या, "शेफाली, पिल्लाला वाढ गं."

खरं सांगायचं तर त्या घरात सासू-सुनेचं बोलणं एवढंच उरलं होतं. लग्नाला वर्ष होत आलं, पण शेफाली एकदाही त्यांच्याबरोबर जेवायला बसली नाही. सगळ्यांचं झालं की उरलंसुरलं ताटात घेऊन आपल्या खोलीत जायची. मुलगा मयूर निम्मा महिना दौऱ्यावर. त्याला वाटे, बायकांचं बायका बघतील. बाईंनी मात्र मनात गाठ मारून ठेवली होती. ही हिंदी घरातली पोरगी शिष्ट आहे, आपल्या हातचा वरणभात हिच्या घशाखाली उतरत नाही. त्यात आता मयूरनं अशोका गार्डनला वेगळं घर पाहिलं होतं. पुढच्या महिन्यात दोघं जाणार होती. एकुलता एक मुलगा घरातून चालला, या दुःखानं बाईंचा जीव तुटत होता. पण तोंडानं बोलतील तर शपथ.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, एक दिवस उपास सांगितला. जगेल, म्हणाले, वेळेवर आणलंत. दोघी बाहेरच्या बाकावर टेकल्या. आता बाईंनी तोंड उघडलं. किती घालत होतीस त्याला? शेफाली म्हणाली, आधी दोन चमचे, मग तीन, मग चार. रोज एक चमचा जास्त. बाईंना काही कळेना. असं करायला तिला सांगितलं तरी कुणी?

"तुम्हीच, मम्मीजी. रोज म्हणायच्या ना, वाढ. तो मी बढ़ा दिया."

मयूरनं लग्नाआधी तिला मराठीची एक सोपी युक्ती शिकवली होती. हिंदीतला ब मराठीत व होतो. बीसचे वीस, बाघाचा वाघ. मग बढ़चं वाढ. डॉक्टरांनीही हळूहळू जास्त द्यायला सांगितलेलंच होतं. बिचारी सासूचा शब्द खाली पडू देत नव्हती. ध चा मा करणारं माणूस निदान कपटी तरी होतं. इथं व चा ब झाला, तोही सरळ मनानं.

बाईंचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांना हसूच आलं. अगं वेडे, त्यांनी समजावलं, आपल्यात वाढणं म्हणजे परोसना, ताटात घालणं. हा शब्द पानावर बसून शिकायचा असतो, आणि शेफाली कधी पानावर बसलीच नव्हती.

शेफाली हसली नाही. पिल्लाच्या पाठीवरून फिरणारा तिचा हात थांबला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "लग्नानंतर पहिल्या दिवशी सगळे जेवायला बसले होते. तेव्हा तुम्ही मला म्हणालात, वाढून घे."

बाईंना आठवलं. न आठवायला काय झालं? त्यांच्या सासूनं मरेपर्यंत त्यांना स्वतःच्या हातानं भात घेऊ दिला नव्हता. मोजून पानात पडायचा, आणि भूक राहिली तरी मागायची सोय नव्हती. तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं, आपल्याला सून आली की पहिल्या दिवशीच पळी तिच्या हातात द्यायची. किती मायेनं बोलल्या होत्या त्या. आणि सून भरल्या पंगतीकडे पाठ करून आत निघून गेली होती. तो अपमान त्यांनी वर्षभर गिळला होता.

"म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "मग?"

शेफालीनं ओढणीनं डोळे पुसले.

"आमच्याकडे कुणाला 'बढ़ ले' म्हटलं ना, मम्मीजी, तर त्याचा अर्थ होतो, चल, निघ इथून."