बिनदणक्याची गाडी

"आप्पा, पट्टा लावा," सृष्टी म्हणाली. लालासाहेबांनी चाचपत पट्टा ओढला. शेवटी तिनेच तो अडकवून दिला.

कंपनीची चाचणीची गाडी घेऊन ती सकाळीच पुण्याहून गावी आली होती. वर्षभराने. रविवारी ती नोकरीसाठी जर्मनीला चालली होती, चांगली तीन वर्षं. त्याआधी आपण घडवलेलं सस्पेन्शन वडिलांना दाखवायचं, एवढीच हौस. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं लष्करात, लडाखच्या घाटांत ट्रक चालवला होता.

मघाशी दारातून गाडीपर्यंत ते तिच्या खांद्यावर हात ठेवून आले होते. असे लाड त्यांच्या स्वभावात नव्हते. तिला भरून आलं होतं.

साताऱ्यापर्यंत जाऊन गाडी माघारी फिरली. रहिमतपूरकडचा रस्ता नेहमीसारखाच उखडलेला.

"समोरचा कॅमेरा खड्डा आधीच बघतो," ती सांगत होती. "मग मोटर तेवढंच चाक वरखाली करते. आत दणका येतच नाही."

"म्हंजे गाडीलाच डोळं हायत."

"व्हय!"

जरा वेळानं त्यांनी विचारलं, "ओढ्याचा पूल आला का गं?"

"मघाशीच गेला."

"कळलंच न्हाई," ते पुटपुटले.

तिच्या कामाचं असं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

"आप्पा, नको जाऊ का मी? तुम्ही आणि आई दोघंच..."

"गप. मी काय म्हातारा झालोय व्हय? ऊस झ्याक आलाय, आई धडधाकट हाय. तू जा. माघारी बघायचं न्हाई."

सृष्टीच्या गालावर पाणी ओघळलं. तिने ते पुसलंही नाही. लालासाहेब सरळ समोर बघत राहिले. फौजी माणूस, तिला वाटलं. लेकीचं रडणं बघवत नसेल.

रहिमतपूर मागे पडलं. गाव आलं. विजेची गाडी, ना आवाज ना हिसका. तिने ती अलगद घरासमोर उभी केली. काचा बंद होत्या. बॉनेटच्या पुढ्यातच तिची आई, मनुबाई उभी होती, पदर खोचून, दोघांकडे बघत हसत.

"कशी वाटली गाडी?" सृष्टीने विचारलं.

"लय भारी," बायकोच्या तोंडाकडे बघत लालासाहेब म्हणाले. "पर थांबलीस का गं? रेल्वेचं फाटक पडलंय व्हय?"