आडवा पुठ्ठा

"हेच ते खोकं," म्हणत बरणीवाल्याने टेबलाखालून पुठ्ठ्याचं खोकं वर ओढलं. त्याची एक बाजू पार चेपली होती. "चार एकावर एक रचली की खालचं बसलंच. गेल्या खेपेला साठ बरण्या फुटल्या. आमच्या खोकेवाल्याला आता नारळ देणार. महिन्याला दोन हजार खोकी लागतात. तुम्ही घेता का काम?"

व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात सकाळपासून कार्डं वाटून आणि ओळख नसलेल्यांकडे बघून हसून खोकेवाली आणि तिची नणंद दमल्या होत्या. दोन हजार ऐकताच नणंदेने तिचा हात असा दाबला की बांगडी रुतली. दोघींच्या खोक्यांच्या कारखान्यात शनिवारपर्यंत पुरेल एवढंच काम उरलं होतं. सोमवारपासून मशीन बंद आणि कामावरच्या चौघी घरी.

खोकेवालीने खोकं उलटं केलं, फाटक्या कडेत बोट घालून पाहिलं. पुठ्ठा जाड होता, अगदी चांगला. पण त्याच्या पोटातल्या कागदाच्या नागमोडी पन्हळी उभ्या हव्यात, तर त्या आडव्या होत्या. वजन पेलणार कशावर? बाहेर मात्र बरणीवाल्याचं नाव या टोकापासून त्या टोकापर्यंत ठसठशीत छापलेलं.

"नाव एवढं मोठं करा, असं तुम्हीच सांगितलंत का?"

"मग? लांबून दिसायला नको?"

"त्याच्या छपाईच्या मशीनवर ते मावेना, म्हणून त्याने पुठ्ठा आडवा फिरवला असणार. काही बोलला नव्हता तो?"

"काहीतरी कुरकुरत होता खरा."

आता गप्प बसायचं. काम घ्यायचं, नाव जरा लहान छापून पुठ्ठा गुपचूप उभा करायचा आणि शाबासकी मिळवायची. इतकं सोपं होतं. खोकेवालीने पुन्हा एकदा त्या आडव्या पन्हळींवरून बोट फिरवलं. मग तिने खोकं त्याच्याकडे सरकवलं.

"त्याची चूक नाही. नाव लहान करा आणि त्याच्याकडूनच घ्या. पुठ्ठा उभा लागला की खोकी चेपणार नाहीत."

बरणीवाल्याचा चेहरा उतरला. शेजारच्या टेबलावरचे दोघं कान देऊन ऐकत होते, त्यामुळे तर जास्तच. "बघतो," एवढंच म्हणून तो मोबाइल घेऊन खिडकीकडे गेला.

"वहिनी, तुला वेडबिड लागलंय का?" नणंद उसळली. "त्या चौघींना घरी जा म्हणून तूच सांग. मी नाही सांगणार."

"सांगेन मी," खोकेवाली म्हणाली. तिला रडू येत होतं, पण तिने पिशवी उचलली. "चल, पलीकडची रांग राहिलीय."

त्या दहा पावलं गेल्या असतील नसतील, तोच बरणीवाला मागून आला. कान लाल झाले होते. त्याने मोबाइल तिच्यापुढे धरला. "आमचा खोकेवाला. तुमच्याशीच बोलायचंय म्हणतो."

पलीकडे वयस्कर, दम लागलेला आवाज होता. "ताई, माझ्या बाजूने बोललात म्हणे. आपली ओळख ना पाळख. तुमच्याकडे काम भरपूर असेल, नाही?"

नणंद डोळ्यांनी खुणावत होती, हो म्हण, हो म्हण.

"नाही," खोकेवाली म्हणाली. "सोमवारपासून मशीन बंद आहे. उद्या सकाळी कामासाठी तुमच्याकडे येऊ का?"