मागच्या बाजूने

त्र्याण्णवचा हिवाळा. सोनगीरच्या घरी, ओट्यावर शेंगा फोडत विजया वडिलांना आपलं काम समजावत होती. "म्हाताऱ्या ताऱ्याभोवती वायूचं कवच असतं, आबा. तारा उजळतो एकदाच. पण कवचातल्या रेणूंच्या रेडिओलहरी पुढच्या बाजूने आधी पोचतात, मागच्या बाजूने उशिरा."

"म्हणजे म्हातारा खोकस एकदाव, नि तुमले ऐकू येस दोनदाव!" आबा हसले.

ती निघाली, अंगणापर्यंत आली, तेव्हा आबा ओट्यावरून खोकले. दोनदा कोरडं, मग क्षणभराने एकदा. 'राहा ना' हे त्यांना तोंडाने कधी म्हणता आलं नाही. ते असे खोकत. तिला ते ठाऊक होतं. पुण्याची एसटी चुकेल म्हणून तिने वळून पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात आबा गेले.

दहावं झालं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी घरात ती आणि शेजारच्या कमलबाई, दोघीच होत्या. परसदारी कुणीतरी खोकलं. दोनदा कोरडं, मग क्षणभराने एकदा.

कमलबाईंचा हात सुपावरच राहिला. "माय वं, हाऊ ते आबा शे..."

विजयाची पाठ परसदाराकडे होती. आताही ती वळली नाही. मागे कडी हळूच निघाली.

"थांबते, आबा," ती म्हणाली.